तळ गाठण्याआधीचे ७८ दिवस

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

एप्रिलचा दुसरा आठवडा उजाडला की वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानावर एक फोटो हमखास येतो. भेगाळलेला गाळ, त्यावर कलंडलेली होडी नाहीतर रिकामी घागर, आणि खाली ओळ: 'तलावाने तळ गाठला'. फोटो खरा असतो. पण येरळवाडी तलावाची भेग आणि राजेवाडी तलावाची भेग शेजारी शेजारी ठेवली तर कुठली कोणती, हे तिथे राहणाऱ्यालाही सांगता येणार नाही. गेल्या महिन्यात पाणी कुठवर होते, किती दिवसांत मागे सरले, मध्ये आवर्तन (योजनेतून ठरावीक पाळीने सोडलेले पाणी) आले होते का, काठावर कोणते पक्षी होते, यातले काहीच त्या एका फोटोतून कळत नाही.

आमची सूचना अशी की, 'उन्हाळ्याचा सर्वोत्कृष्ट फोटो' मागवण्याऐवजी एका तलावाचा, एकाच जागेवरून, रोज काढलेला फोटो वाचकांकडून मागवावा. २२ मार्च ते ७ जून, म्हणजे सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो त्या सुमारापासून मृग लागेपर्यंत. हे ७८ दिवस होतात. रोज जागा देणे जमणार नाही हे समजते. आठवड्यातून एकदा सात लहान फोटो ओळीने छापले तरी पुरे. काम मोबाइलवरही होते. मात्र ते काटेकोर झाले तरच उपयोगाचे, आणि काटेकोर म्हणजे नेमके काय हे कुणी तपशिलात लिहीत नाही, म्हणून हे पत्र लांबले आहे.

आधी जागेचे बोलू. पाणी मागे सरकताना दिसायचे असेल तर काठ उथळ हवा. काठाचा उतार पन्नासास एक असेल तर पाणी एक सेंटिमीटर उतरले की काठ अर्धा मीटर मागे जातो. खटाव-माण-आटपाडीकडे एप्रिल-मेमध्ये नुसत्या उन्हावाऱ्याने रोज आठ-दहा मिलिमीटर पाणी उडते. म्हणजे उपसा अजिबात धरला नाही तरी मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडी असल्या पसरट तलावांचा काठ रोज जवळजवळ हातभर मागे सरतो. कासला हेच करायला गेलात तर आठवडाभर काही हललेले दिसणार नाही. तिथला काठ मायणीच्या मानाने चढाचा. पाणी उतरते ते उभे उतरते आणि मागे जांभ्याचा तांबडा पट्टा सोडते. तिथे बघायचा तो पट्टा किती रुंदावला हे. कोयनेच्या शिवसागराची गोष्ट आणखी निराळी. बामणोली-तापोळ्याला उन्हाळ्यात होड्या लागायची जागाच उतारावरून खाली खाली सरकत जाते. अशा ठिकाणी पायाजवळचा बारकावा सोडावा आणि समोरचा अख्खा डोंगरउतार चौकटीत घ्यावा.

(कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेले तेव्हापासून सप्टेंबरात फुलांसाठी तिकडे रीघ लागते. एप्रिलात मात्र कॅमेरा घेऊन चिटपाखरूही फिरकत नाही. पाखरे असतात, ती वेगळी.)

जागा निवडताना सगळ्यात जास्त चूक दिशेची होते. तलावाच्या उत्तर काठावर उभे राहून दक्षिणेकडे तोंड करावे, हे सर्वांत बिनधोक. कारण उन्हाळाभर सूर्य एका जागी उगवत नाही. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तो बरोबर पूर्वेला असतो. मेअखेर आपल्या अक्षांशावर तो पूर्वेपासून २३ अंश उत्तरेला सरकलेला असतो. हात सरळ लांब करून धरलेली मूठ म्हणजे साधारण दहा अंश, म्हणजे हे अंतर सव्वादोन मुठींचे झाले. मार्चमध्ये 'सूर्य तर बाजूला आहे' म्हणून ज्याने ईशान्येचा डोंगर चौकटीत धरला, त्याच्या चौकटीच्या उजव्या कडेला एप्रिलअखेर सूर्य डोकावतो. मग पाण्यावर तिरीप पडते, काठ काळा होतो आणि चाळीस दिवसांची मालिका तिथेच मोडते. दक्षिणेकडे तोंड असले की हा प्रश्न उरत नाही. सकाळी प्रकाश डावीकडून येतो, संध्याकाळी उजवीकडून, आणि अशा आडव्या प्रकाशात गाळाचे थर नि जनावरांच्या खुरांचे ठसे उठून दिसतात.

जागा ठरली की ती पुन्हा सापडली पाहिजे. 'त्या बाभळीजवळ' एवढ्याने भागत नाही. जमीन मोजणारे करतात तसे करावे: जवळची एक आणि दूरची एक अशा दोन ठाम वस्तू एका रेषेत आणाव्यात. उदाहरणार्थ, जॅकवेलचा (पाणी उपसायच्या विहिरीचा) डावा कोपरा आणि त्यामागच्या डोंगराची खिंड. तुम्ही वीतभर बाजूला सरकलात तरी कोपरा खिंडीवरून सरकतो आणि चूक लगेच कळते. चौकटीच्या दुसऱ्या टोकालाही अशीच एक जोडी ठरवली की पुढे-मागे झालेलेही पकडता येते. झाड किंवा विजेचा खांब यासाठी चालतो. होडी, कडब्याची गंजी, टपरी चालत नाही, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

उंचीसाठी गवंड्याचा ओळंबा उत्तम. नसेल तर दीड मीटर सुतळीच्या टोकाला नट बांधावा, वरचे टोक कॅमेऱ्याच्या तळाशी धरावे आणि नट जमिनीतल्या पक्क्या दगडावर केलेल्या खुणेला टेकवावा. ट्रायपॉड असला तर बरेच, पण ट्रायपॉडचे पाय रोज वेगळे उघडले जातात, तेव्हा सुतळी त्यालाही लागतेच. पाय ओल्या गाळात रोवू नयेत. फोटो काढेपर्यंत ते बोटभर खाली जातात आणि क्षितिज कलते. पहिल्या दिवशीच्या फोटोची छापील प्रत खिशात ठेवावी आणि रोज चौकटीचे चारही कोपरे तिच्याशी ताडून पाहावेत. क्षितिज वरच्या तिसऱ्या भागावर ठेवावे, कारण पाणी तुमच्यापासून दूर जाणार आहे आणि खालचे दोन भाग हळूहळू जमिनीने भरणार आहेत. पहिल्याच दिवशी निम्मे आभाळ घेतले तर मेमध्ये दाखवायला जागा राहत नाही.

मोठ्या धरणांच्या भिंतीवरून दृश्य छान दिसते म्हणून तिथून मालिका सुरू करू नये. तिथे परवानगी लागते आणि एक दिवस अडवले की खाडा पडतो. पाझर तलाव, गावतळी, सार्वजनिक रस्त्याच्या कडेचा काठ यांत ही कटकट नसते.

आता वेळ. घड्याळातली वेळ कायम ठेवणे हे ऐकायला शिस्तीचे वाटते, पण ते चुकीचे आहे. साताऱ्यात २२ मार्चला सूर्योदय ६.३८ च्या आसपास होतो, मेअखेर सहाच्या सुमारास. रोज सातला फोटो काढला तर मार्चमध्ये सूर्य क्षितिजापासून जेमतेम पाच अंश वर असेल आणि मेअखेर तेरा अंश. प्रकाशाचा रंग, सावल्यांची लांबी, सगळेच बदलेल आणि तो बदल तलावाच्या नावावर जमा होईल. त्यापेक्षा 'सूर्योदयानंतर अर्ध्या तासाने' असा नेम धरावा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत बहुतेक वेळा मुंबईचा सूर्योदय छापलेला असतो. मार्चअखेर साताऱ्यात तो चार-पाच मिनिटे आणि सांगलीत सहा-सात मिनिटे आधी होतो.

सकाळच का, याला तीन कारणे आहेत. पाणी साडेसात-आठपर्यंतच स्थिर असते. पुढे वारा सुटला की प्रतिबिंब मोडते आणि पाण्याची कड फेसाळ, अस्पष्ट होते. नऊनंतर उघड्या गाळावरून गरम हवा उठू लागते आणि लांबचे सगळे लहरत दिसते. ही झळ कोणत्याही महागड्या लेन्सने जात नाही. उलट लेन्स जितकी लांबची तितकी ती जास्त टिपली जाते. 'माझा ऑटोफोकस बिघडलाय' म्हणून मेमध्ये दुकानात नेलेल्या पुष्कळशा कॅमेऱ्यांना काही झालेले नसते. तिसरे कारण आभाळाचे. कृष्णाकाठी उसाचे पाचट पेटवले जाते, सातारच्या डोंगरांना वणवे लागतात, दुपारपर्यंत धूळ चढते आणि समोरची डोंगररांग पुसल्यासारखी होते. ती धुरकट हवासुद्धा नोंदीचा भाग आहे. संगणकावर 'डीहेझ' ओढून ती काढू नये. वळीव पडून गेल्यानंतरची पहिली सकाळ मात्र चुकवू नये. धूळ खाली बसलेली असते आणि महिनाभर न दिसलेल्या रांगा अचानक कडेसकट समोर येतात.

कॅमेऱ्याची मांडणी एकदा करायची आणि ७८ दिवस तिला हात लावायचा नाही. लेन्स २८ ते ३५ मिलिमीटरच्या दरम्यान. झूम असेल तर आकडा ठरवून कड्यावर चिकटपट्टी लावून टाकावी. छिद्र एफ ८, आयएसओ १००, फोकस हाताने दूरच्या काठावर. फक्त शटरचा वेग प्रकाशानुसार बदलावा. व्हाइट बॅलन्स 'ऑटो' ठेवला तर कॅमेरा शहाणपणा करतो. तांबडी माती उघडी पडत गेली की तो ती लाली कमी करायला बघतो आणि मार्चमधले हिरवट पाणी मेमध्ये निळे दिसू लागते, प्रत्यक्षात ते निळे झालेले नसताना. ५२०० केल्विनवर पक्का करून ठेवावा आणि जमल्यास रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल घ्यावी. लेन्स काठावर बदलू नये. वाऱ्याबरोबरचा एक कण सेन्सरवर बसला तर त्याच जागी ठिपका घेऊन पुढचे दोन महिने आभाळ छापले जाते.

पोलराइझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, अनेकांना सोडवत नाही. पाण्यावरची चकाकी जाते, तळ दिसतो, आभाळ गडद होते, सगळे खरे. पण तो सूर्यापासून नव्वद अंशाच्या दिशेला सर्वांत जास्त काम करतो आणि त्याची कडी रोज डोळ्याने फिरवली जाते, म्हणून दोन दिवसांचे पाणी कधी सारखे येत नाही. रोजच्या मालिकेसाठी तो पिशवीतच राहू द्यावा. शेवाळाचे किंवा तळाच्या दगडांचे वेगळे फोटो काढायचे असतील तेव्हा खुशाल लावावा.

मोबाइलवाल्यांसाठी वेगळे सांगितले पाहिजे, कारण बहुतेक वाचक त्याच्यावरच काढणार. मुख्य लेन्स, म्हणजे '१एक्स', तीच वापरावी. '०.५'ची रुंद लेन्स कडा वाकवते, आणि '२एक्स' किंवा पुढे गेल्यावर काही फोन प्रकाश बघून आपणहून लेन्स बदलतात. ग्रिडच्या रेघा चालू कराव्यात म्हणजे क्षितिज सरळ राहते. दूरच्या काठावर बोट दाबून धरले की फोकस आणि प्रकाश दोन्ही कुलूपबंद होतात. 'सीन', 'ब्युटी', फिल्टर, कृत्रिम आभाळ हे सगळे बंद. तीन सेकंदांचा टायमर लावला की बटण दाबताना होणारी हालचाल जाते. आणि काढण्याआधी लेन्स सुती कापडाने पुसावी. लेन्सवर बसलेला तेलकट बोटांचा थर हे पांढुरक्या, धुकट फोटोंचे सर्वांत मोठे कारण आहे आणि लोक दोष धुक्याला देतात.

पाणी किती हटले हे फोटोत नुसते दिसून भागत नाही, मोजता आले पाहिजे. पाण्यात काठी रोवणे हा पहिला सुचणारा उपाय, पण चार दिवसांत ती कोरड्यात उभी राहते आणि आठव्या दिवशी कुणाच्या तरी चुलीत जाते. त्यापेक्षा दर रविवारी त्या दिवशीच्या पाण्याच्या कडेला पाच-सहा किलोचा एक दगड ठेवावा, वर चुन्याचा ठिपका द्यावा. हलके दगड गुरे लाथाडतात. सात जूनपर्यंत अकरा-बारा ठिपक्यांची रांग तयार होते आणि दोन दगडांमधले अंतर टेपने मोजले की प्रत्येक आठवड्याची चाल कळते. मालिकेच्या शेवटच्या फोटोत ही रांग सगळे सांगून जाते.

पाणी नेहमी मागेच जाईल असे मात्र धरून चालू नये. नेरच्या ब्रिटिशकालीन तलावात जिहे-कठापूर उपसा योजनेचे पाणी येते. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांच्या आवर्तनांमुळे सांगलीच्या पूर्वेकडचे तलाव भर उन्हाळ्यात चढतात. त्या दिवशी दगड बुडतात. बुडू द्यावेत. तारीख लिहावी आणि पुढच्या रविवारी नव्या कडेला पुढचा दगड ठेवावा. उलट असा दिवस फोटोत सापडला तर त्याची किंमत जास्त, कारण पाणी आले असे कागदावर असणे आणि ते कुठवर चढले हे दिसणे यांत फरक आहे.

उपग्रहाचे फोटो फुकट मिळतात, मग हा खटाटोप कशाला, असा प्रश्न येईल. सेंटिनेल-२ उपग्रहांची जोडी साधारण पाच दिवसांनी आपल्यावरून जाते आणि तिच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर दहा मीटरचा असतो. हातभर सरकलेला काठ त्यात दिसणार नाही. मोटारींचे फुटव्हॉल्व्ह पाण्यामागे धावताना वाढत गेलेले पाइप, गाळपेरीला उघडलेले नांगराचे पहिले तास, पाणकणसाचा सुकलेला पट्टा, बेशरमीचे उभे राहिलेले रान, वारणा-कृष्णेच्या डोहांवर साचलेली जलपर्णी, हेही त्यातून कळणार नाही. जवळून काढलेल्या रोजच्या फोटोत ते आपोआप येते, काढणाऱ्याच्या लक्षात आलेले नसले तरी.

झाडांचेही तेच. काठावरचे एक झाड चौकटीत कायम ठेवले तर मार्चअखेर पळस-पांगाऱ्याची उतरती फुले, एप्रिलात करंजाची पोपटी पालवी आणि खाली पडलेला फुलांचा सडा, मेमध्ये बहावा आणि गुलमोहर, असा क्रम तारखांसह हाती येतो. पावशा मात्र 'पेरते व्हा' ओरडत राहील आणि फोटोत येणार नाही.

पक्ष्यांविषयी जरा सविस्तर, कारण इथे नुकसान होते. चक्रवाक मार्च-एप्रिलमध्ये परत निघतात. रोहित, चमच्या, शेकाट्ये उथळ झालेल्या पाण्यात दिसत राहतात. पाणी ओसरते तसे ते जवळ येतात असे वाटते. प्रत्यक्षात त्यांना घोटाभर पाणी लागते आणि ते त्या उथळ पाण्याच्या पट्ट्याबरोबर सरकतात. म्हणून पाठलाग करण्यात अर्थ नसतो. पट्टा उद्या कुठे असेल हे दगडांवरून कळते. त्याच्या जवळच्या कोरड्या जागी सूर्योदयाच्या अर्धा तास आधी जाऊन पालथे पडावे, कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर, कोपरांखाली तांदळाची नाहीतर वाळूची पिशवी. पक्षी येतात. उभ्या माणसापासून ते जितके लांब राहतात त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर ते आडव्या, न हलणाऱ्या माणसापाशी चरतात.

प्रकाशाची गफलत इथे नेहमी होते. काळ्या गाळावर पांढरा बगळा असला की कॅमेरा गाळ उजळायला जातो आणि बगळ्याची पिसे जळून नुसता पांढरा ठिपका राहतो. एक्सपोजर पाऊण ते एक पायरी (स्टॉप) कमी करावे. उडता पक्षी आभाळावर असेल तर उलट, एक पायरी वाढवावी, नाहीतर काळी आकृती येते. उभ्या पक्ष्याला १/५०० पुरतो, उडत्याला १/२००० च्या आसपास हवा. रोहितांचा गुलाबी रंग दुपारी फिका पडतो म्हणून घरी येऊन रंग चढवायची पद्धत आहे. सकाळी सातच्या प्रकाशात तसे करायची गरजच पडत नाही.

आणि 'उडत्या थव्याचा' फोटो. तो मिळवण्यासाठी दगड मारणे, हाकाटी करणे, ड्रोन थव्यावर नेणे हे सर्रास चालते, आणि बक्षिसेही त्याच फोटोंना मिळतात. एकदा उठलेला थवा चरणे सोडतो. परतीच्या प्रवासाआधी साठवायची चरबी अशी खर्च होते. मायणी परिसराला २०२१ मध्ये पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला आहे. तिथे तरी थवा कशामुळे उडाला हे परीक्षकांनी विचारावे. सगळ्या माना एकाच बाजूला वळलेल्या आणि सगळे पक्षी एकदम हवेत असतील तर उत्तर बहुधा फोटोतच असते.

घरट्यांचे याहून नाजूक. पाणी ओसरून उघडी पडलेली रेताड, खडीची जमीन म्हणजे टिटवी, चिखल्या, छोटा आर्ली, नदी सुरय यांची प्रसूतिगृहे. घरटे म्हणजे नुसता खळगा, त्यात खड्यांसारखीच ठिपक्यांची अंडी. टिटवीची बहुधा चार. ती पायाखाली येतात ती याचमुळे. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून कर्कश ओरडू लागली तर तिचे छान जवळून फोटो मिळतात असे समजून थांबू नये. ती ओरडते आहे तोवर अंडी उघड्या उन्हात आहेत, आणि दुपारच्या तापलेल्या खडीवर त्यांना काही मिनिटेही पुरतात. उन्हाच्या वेळी हे पक्षी अंडी झाकतात ती ऊब द्यायला नव्हे, सावली द्यायला. टिटवी पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून अंड्यांवर बसते. तेव्हा ज्या वाटेने आलात त्याच वाटेने, पावलाखाली बघत, निदान पन्नास मीटर मागे यावे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कटणेही धरले आहे, हे कॅमेरेवाल्यांना क्वचितच माहीत असते. घरट्याचा फोटो छापू नये, समाजमाध्यमावर टाकू नये, आणि त्या फोटोपुरते जीपीएस बंद ठेवावे. रोजच्या ठरलेल्या जागेच्या फोटोला मात्र जीपीएस हवेच.

गाळाबद्दल दोन शब्द. वरून भेगा पडलेल्या, पापुद्रा धरलेल्या गाळाखाली मांडीएवढा चिखल असू शकतो, विशेषतः नाला येऊन मिळतो तिथे. म्हशींची ताजी पायवाट जिथवर गेली आहे तिथवरच जावे. एकट्याने जाऊ नये, आणि फसलात तर उभे राहून पाय ओढत बसू नये. आडवे होऊन वजन पसरावे नि लोळत मागे यावे. वळवाच्या दिवसांत संध्याकाळचे ढग फार मोहक असतात. पण वीज दिसल्यापासून गडगडाट तीस सेकंदांच्या आत आला तर मोकळ्या काठावर धातूचा ट्रायपॉड घेऊन उभे राहायची ती वेळ नव्हे. कॅमेरा काळा असतो, दहानंतर तो आणि मोबाइल दोन्ही ओल्या पांढऱ्या पंचाखाली नव्हे, कोरड्या पांढऱ्या पंचाखाली ठेवावेत. ओल्याने बटणांत दमट वाफ जाते.

शेवटी पाठवण्याचे. फायलीचे नाव 'मायणी_०४१२_०६५०' असे, म्हणजे तलाव, महिना-तारीख, वेळ. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आक्रसतो आणि त्याच्या पोटातली तारीख, वेळ, जीपीएस ही नोंदही गळते; म्हणून तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. मोबाइलचे ७८ फोटो साडेतीनशे-चारशे एमबीत बसतात, रॉ असतील तर दोन जीबीच्या आसपास. दोन ठिकाणी ठेवावेत. खाडा पडला तर तो दिवस रिकामा ठेवावा, दुसऱ्या दिवशीचा फोटो त्या तारखेवर चढवू नये. छापताना आपणही फोटोखाली चारच गोष्टी द्याव्यात: तलाव व गाव, तारीख, वेळ, आणि त्या दिवशी आवर्तन किंवा वळीव होता की नव्हता. 'भीषण', 'विदारक' ही विशेषणे वगळली तर त्यांची जागा आवर्तनाच्या नोंदीला पुरते.

आपले,
तलावाकाठचे काही छायाचित्रकार,
सातारा-सांगली

ता. क. ज्यांनी उंची मोजायला उभी काठी लावलीच असेल त्यांच्यासाठी: साताऱ्यात १० मेच्या आणि सांगलीत ७ मेच्या सुमारास दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या क्षणी काठीला सावली राहत नाही. राहिली, तर काठी कलली आहे. सावली ज्या बाजूला पडेल त्या बाजूला.